कुत्र्याच्या ताटातलं मांजर

आमच्या सोसायटीतले शिंगाडेकाका माणसावर आधी ओरडतात आणि मग त्याला ओळखतात. गेट वाजलं की तळमजल्याच्या खिडकीतून पहिला येतो तो आवाज, "कोन हाय बे तिकडं?" मग चष्मा येतो, आणि मग आणखी चिडून, "तू व्हय सुजाता! मग सांगायचं की." जणू स्वतःचं नाव पुकारत गेट उघडणं हे माझंच काम होतं आणि मी ते चुकवलं.

जुळे सोलापूर भागात आम्ही वरचा फ्लॅट घेतला, तेव्हा एजंट म्हणाला होता, "लई शांत एरिया आहे मॅडम." खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी काका सांगोल्याला लग्नाला गेले होते.

काकांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडायचं काम. या कामाच्या माणसाला आमच्या गावात कुणी नमस्कार करत नाही. पाणी आलं तर नळाचं कौतुक, नाही आलं तर याच्या आईबापाचा उद्धार. "जलमभर शिव्या खाल्ल्या," काका म्हणतात, "आता रिटायर झालोय, परत वाटतोय." आणि वाटतात अगदी सढळ हातानं. दूधवाला, सोसायटीचा अध्यक्ष, टीव्हीवर बातम्या सांगणारी बाई, कुणी सुटत नाही. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी "शुभ सकाळ" टाकलं की खाली काकांचं उत्तर येतं, "कशावरून?"

काकू जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी वैशाली नोकरीला बेंगळुरूला गेली, तेव्हा तिचा कुत्रा टायगर काकांच्या गळ्यात पडला. दोघांचं जमलं. टायगरही भुंकायचा आधी आणि ओळखायचा मग. तो म्हातारा होऊन गेल्या पावसाळ्यात मेला. तेव्हा काकांनी आठवडाभर कुणाला शिवी दिली नाही, म्हणून आम्ही सगळे घाबरलो होतो.

मग ते मांजर आलं. करड्या रंगाची, कानाला चीर गेलेली मांजरी. सकाळी मी ऑफिसला निघाले की पायरीवर ठरलेला तमाशा. काका टायगरच्या स्टीलच्या ताटात कुत्र्याच्या खाण्याचे दाणे ओतायचे. मांजरी खायला लागायची. आणि काका तिच्यावर खेकसायचे, "चोरटे! लाज हाय का? ते तुझं न्हाय, टायगरचं हाय!" ती खात राहायची. ताट रिकामं झालं की काका आणखी मूठभर टाकायचे आणि पुन्हा पहिल्यापासून ओरडायचे.

मला वाटलं, राहिलेली गोणी संपवत असतील. पण गोणी संपेना. दिवाळी झाली, संक्रांत झाली, मांजरी आपली कुत्र्याचेच दाणे खातेय. एकदा मी म्हणाले, "काका, एखाद्या वेळी खाल्लं तर चालतं. रोज तेवढंच नका देऊ. मांजरीला ते पुरत नाही."

"कोन म्हनतंय? त्याला हितं आना!"

"सगळेच म्हणतात. कुत्र्याचं खाणं वेगळं, मांजराचं वेगळं."

"आमच्या सांगोल्याला मांजरं ताक-भाकरीवर जगत्यात. पाकीट वाचून खात न्हाईत."

"आणि उंदीर?"

"उंदीर बी खात्यात की."

"तेच सांगतेय ना! मांस त्यांना उंदरातनं मिळतं. हिला इथं कुठला उंदीर? फरशीवर बसलेली असते दिवसभर."

काकांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी त्यांच्या गावच्या उंदरांचा अपमान केला. "डोस्कं फिरवू नको. हाफिसला जा." दार आपटलं. मीही स्कूटर तिरमिरीत काढली, आणि चौकापर्यंत त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत गेले. हा माणूस असाच आहे. तो चिडतो आणि त्याची चीड तुमच्या डब्यात भरून देतो, दिवसभर पुरते.

उन्हाळा लागला तशी मांजरी मंदावली. नुसती पडून असायची. एका रविवारी माझ्या डोळ्यांदेखत ती कठड्यावर उडी मारायला गेली आणि कठडा हुकून खाली आपटली. उठली, चालायला लागली आणि सरळ कुंडीला धडकली. रोजची कुंडी, रोजच्या जागी.

"काका, हिला दिसत नाहीये!"

काका कुंडीवरच ओरडले, "कुनी ठेवली ही मधी?" पण आवाज फाटला होता. आत जाऊन त्यांनी बाजाराची पिशवी आणली, मांजरीला आत बसवलं आणि मला म्हणाले, "चल. बगत काय बसलीस?"

रिक्षात पिशवी छातीशी धरून ते प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याला शिवी देत होते. रिक्षावाला शेवटी म्हणाला, "चाचा, रस्ता मैंने बनाया क्या?"

"गप. हळू हान."

जनावरांचा डॉक्टर तरुण होता. मांजरीच्या डोळ्यांत बॅटरी मारली, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग विचारलं, "खायला काय देता?" काका भिंतीवरचा तक्ता वाचायला लागले. मीच सांगितलं.

डॉक्टर म्हणाला, "ते विष नाही. पण मांजरीला टॉरीन नावाची एक गोष्ट लागते, ती मांसातनं मिळते. कुत्र्याचं शरीर ती स्वतः तयार करतं, मांजरीला जमत नाही. म्हणून कुत्र्याच्या खाण्यात ती पुरेशी असेलच असं नाही. महिनोन्‌महिने कमी पडली की डोळे जातात, काळीज कमजोर होतं. हिचं तसंच दिसतंय. गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली वाचवू. काळीज सुधारेल बहुतेक." मग सहज विचारलं, "घरात कुत्रा आहे का?"

"न्हाय."

"मग कुत्र्याचं खाणं आणता कशाला?"

"मी आनत न्हाय!" काका एवढ्यांदा ओरडले की बाहेर बांधलेली शेळीसुद्धा ओरडली. "येतंय! दर म्हैन्याला येतंय! मी काय करू?"

परतीच्या रिक्षात कुठं त्यांनी तोंड उघडलं. खाणं वैशाली पाठवत होती. बेंगळुरूहून, टायगरसाठी. टायगर गेल्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती फोनवर विचारायची, "टायगर जेवला का?" काका म्हणायचे, "जेवला." व्हिडिओ लावा म्हणाली की म्हणायचे, "झोपलाय."

माझा संताप मस्तकात गेला. "काका, वेड लागलंय का तुम्हाला? पोरीशी खोटं बोलायचं म्हणून या मुक्या जिवाचे डोळे घालवलेत तुम्ही! मी सांगितलं होतं की नव्हतं? एक फोन करायचा होता, फक्त एक!"

त्यांना असं कुणी बोलल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. मी उलट्या तोफेची वाट बघत होते. ते पिशवीत बघत म्हणाले, "तिचा फोन कशाला येतोय? कुत्र्याचं इचारायला. कुत्रं गेलं म्हनलं, की फोन बी गेला."

मी पिशवीचा एक बंद धरला. राग मात्र गेला नाही. तो आता कुणावर काढायचा, ते कळत नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी फोन टेबलावर ठेवला. मी निघाले तर म्हणाले, "थांब जरा." मग नंबर लावला, स्पीकरवर, आणि पलीकडून "हॅलो" यायच्या आतच ओरडले, "ती तुजी गोनी बंद कर!"

"का अप्पा? टायगर खात नाही का?"

"टायगर गेला."

"कुठं गेला?"

"मेला, वैशे. पावसाळ्यात."

मग पलीकडून आवाज चढला, आणि मी दचकले. हुबेहूब काकांचा आवाज. "पावसाळ्यात? अप्पा, पावसाळ्यात? आणि मी दर वेळी विचारतेय, तुम्ही जेवला म्हणताय! काय समजता काय तुम्ही मला?" ती रडत होती आणि ओरडत होती. काका मान खाली घालून ऐकत होते. एकदाही मधे बोलले नाहीत.

तिचा दम संपला. नाक ओढल्याचा आवाज आला. मग ती एकदम हळू म्हणाली, "म्हणजे पावसाळ्यापासून तुम्ही घरात एकटेच आहात?"

"एकटा कशानं? मांजर हाय की."

"मांजर? कसलं मांजर?"

काकांनी सांगायला सुरुवात केली. कानाला चीर हाय, चोरटी हाय, डोळं गेलं ते माझ्यामुळं, डॉक्टर बरा हाय पण पोरगेला हाय. तिनं काय काय विचारलं, यांनी काय काय सांगितलं. मांजरी पिशवीतून बाहेर येऊन टेबलाच्या पायाशी चाचपडत होती. मी दार ओढून घ्यायला लागले तेव्हा शेवटचं ऐकू आलं. काका खेकसले नव्हते. जरा घाबरतच बोलले होते.

"उद्या बी कर फोन. मांजराचं इचारायला."