एक नाव पुढं

"दोन्हीकडनं एकदम बटण दाबा. एकच नाव दोनदा आलं तर मिशी भादरून घेईन!" यशराजनं मंगळवार पेठेतल्या कार्यालयात सगळ्या पाहुण्यांसमोर जाहीर केलं. त्याला मिशी नव्हती, पण ते कुणी मनावर घेतलं नाही.

साखरपुडा त्याचाच होता. मानकऱ्यांना फेटे बांधायला दोन फेटेवाले होते, एक मुलाकडचा, एक मुलीकडचा. दोघांच्या हाताशी एकेक बटण. ते दाबलं की भिंतीवरच्या पाटीवर पुढचं नाव उजळणार! दोघांनी एकाच क्षणी दाबलं तर? त्यासाठी यशराजनं पाटी चालवणाऱ्या डब्यातल्या, स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये अटॉमिक क्रिया घातली होती. एकाचं काम पुरं झाल्याशिवाय दुसऱ्याचं सुरूच होत नाही, मग दोघांना एक नाव मिळेलच कसं?

हा खटाटोप भावी सासऱ्यांसाठी होता. गडहिंग्लजच्या राजशेखरअप्पांनी होकार दिला होता, पण कुरकुरत. "पोरगा दिवसभर घरात बसतोय. करतोय काय नेमकं?" हा त्यांचा प्रश्न शिवांजलीनं आपल्या होणाऱ्या नवऱ्यापर्यंत पोचवला होता. आज त्याचं उत्तर द्यायचं होतं.

पहिलं बटण. पाटीवर इंग्रजी अक्षरांत 'राजशेखर'! टाळ्या! फेटा, शाल, नारळ. अप्पा चक्क हसले.

दुसरं बटण. आता यायला हवे होते पिराजीनाना, यशराजचे थोरले चुलते. ते केस विंचरून तयारच बसले होते. पाटीवर आलं, 'अजशेखर'.

"म्होरलं अक्षर उडालंय वाटतं," मुलीकडचा फेटेवाला म्हणाला आणि अप्पांच्या फेट्यावर दुसरा फेटा चढवायला लागला.

तिसरं बटण. 'ज्शेखर'!

यशराजला चूक उमगली, पॉइंटरची. पॉइंटर म्हणजे यादीवर ठेवलेलं बोट. 'एकनं पुढं' म्हटलं की त्याच्या लॅपटॉपवरचा कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुभाषी, ते बोट एक अख्खं नाव पुढं सरकवायचा. पाटीच्या डब्यासाठीचा कंपायलर वेगळा निघाला. अटॉमिक क्रियेत बोट कशावर ठेवलंय हे तो बघतच नव्हता. एक म्हणजे एक अक्षर!

"अहो, थांबा की!" तो फेटेवाल्याच्या कानाशी लागला.

"व्याह्यास्नी 'आता उठा' म्हणू? तुमीच म्हणा की!"

तिकडं नाना कडाडले, "यशा! आमी काय पत्रावळ्या उचलाय आलोय व्हय? त्येंचं तीन झालं, माझं टकुरं अजून उघडंच हाय. उठतो मी!"

नाना उठले म्हणजे मुलाकडची निम्मी माणसं उठणार, आणि मग कसला साखरपुडा! काही सुचेना म्हणून यशराजनं डबा बंद करून परत चालू केला. यादी पहिल्यापासून सुरू झाली. 'राजशेखर'!

चौथा फेटा.

"यशराज, अप्पांची मान वाकडी व्हायला लागलीय!" शिवांजली रडकुंडीला आली.

तेवढ्यात फेट्यांखालून घोगरा आवाज आला. "पावणं, तुमच्यात एवढा मान करत्यात व्हय? आमच्यात एकच फेटा बांधत्यात, आन् त्योबी पंगतीआधी परत मागून घेत्यात." अप्पांनी डोळे पुसले. "पोरगा काय करतोय ते कळलं मला. घाला अंगठी!"

यशराजला रडावं की हसावं कळेना. अंगठी घातली आणि तो लॅपटॉप घेऊन स्टेजमागं पळाला. 'एक'च्या जागी त्यानं एका नावाची पूर्ण लांबी घातली, अप्पांचं नाव वगळलं आणि देवाचं नाव घेत बटण दाबलं. 'पिराजी'! नानांना फेटा बांधला. पुढचं बटण, पुढचं नाव, अगदी बिनचूक!

नाना मात्र खुर्ची सोडेनात. "माझं एकच?"

"व्हय नाना. दुरुस्त केलं मी."

नानांनी त्याला जवळ ओढलं. "लग्नात माझं नाव पहिलं घाल. आन् त्येच्या आदी ती मशीन परत बिघडव!"