खिडकीच्या मधोमध रेइंडर

कोणत्याही कलेत काय ठेवायचं यापेक्षा काय काढायचं हे कळायला अक्कल लागते, आणि ती अक्कल असलेली माणसं जगात फार थोडी. सुदैवाने त्यातली तिघं आमच्या लुटेवाल्डमध्येच राहतात. नगरपालिकेने नेमलेल्या त्यांच्या रचना समितीचा मी सचिव आहे. (मानधन नाही. कॉफी मिळते, सोबत बिस्कीट एक.)

हॉलंडच्या या उत्तर भागात घराच्या दर्शनी बाजूला नगरपालिकेची मंजुरी लागते. दाराचा हिरवा किती हिरवा, हेसुद्धा ठरलेलं आहे. दर्शनी बाजूत खिडकी आलीच. खिडकीवर आम्ही पडदे ओढत नाही, कारण आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही. तेव्हा रस्त्यावरून जे जे दिसतं ते सगळं समितीच्या अखत्यारीत येतं. याला कुणी हरकत घेतली नाही, कारण हरकतीचा अर्ज समितीकडेच करायचा असतो.

पाहणीत एकूण २१४ खिडक्या भरल्या. १९७ खिडक्यांत दोन सारख्या फुलदाण्या, अकरा खिडक्यांत दोन सारखी चिनी मातीची बदकं. पाच घरांना पडदे होते (त्यांच्यावर लक्ष आहे). उरलेल्या एका खिडकीत दोन फुलदाण्यांच्या बरोब्बर मधोमध रेइंडर होता.

रेइंडर म्हणजे हिलकेबाईंचा नवरा. चाळीस वर्षं त्याने कालव्यावरचा पूल वरखाली केला. पाय गेल्यापासून तो सकाळी खुर्चीत बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हात करायचा. त्याला तेवढंच काम उरलं होतं आणि ते तो इमानेइतबारे करत होता.

समितीने दोघांनाही सुनावणीला बोलावलं. चित्रकार शूर्ड म्हणाले, "मुख्य वस्तू कधी मध्यभागी ठेवायची नसते, बाई. जरा डावीकडे घ्या त्यांना."

"डावीकडे हीटर आहे. भाजून काढू का म्हाताऱ्याला?"

बँडसाठी चाली बांधणारे वुब्बो घड्याळ लावून बसले होते. "तासाला त्रेचाळीस वेळा हात! अहो, विसावा नको? संगीत दोन सुरांमधल्या शांततेवर जगतं."

"मग लोकांना सांगा, दमादमानं जा म्हणावं."

कवयित्री तेत्ये यांनी मात्र मुळावरच घाव घातला. "मी बाराच्या बारा कडवी काढली, तेव्हा कुठे माझी कविता झाली." (मी ती वाचली आहे. शीर्षक उत्तम आहे.)

कला तीन, निष्कर्ष एक : रेइंडर काढावा.

"अगं, पण तो माणूस आहे!" हिलकेबाई तेत्येंवर कडाडल्या. "दिवसभर बघायचं काय त्यानं?"

"मागच्या खोलीलाही खिडकी आहे की," शूर्ड म्हणाले.

आहे खरी. तिच्यातून शेजाऱ्यांच्या सायकलशेडची भिंत दिसते, आणि भिंत म्हणून ती निर्दोष आहे.

यावर रेइंडरनेही आपलं म्हणणं मांडलं. त्यानंतर ठराव एकमताने मंजूर झाला.

आता त्या खिडकीला दहापैकी दहा गुण आहेत. सुरुवातीला सायकलवाले सवयीने फुलदाण्यांनाच हात करायचे. तसं न करण्याबद्दल सूचना लावावी लागली. मागच्या खोलीत रेइंडरचा हात मांडीवरून उठत नाही, असं हिलकेबाई सांगत होत्या. मला वाईट वाटलं. वुब्बो म्हणाले, विसावा साधला.

ही हकीकत छापायला देण्याआधी मी रीतीप्रमाणे समितीपुढे ठेवली. समितीने एकच जागा कापली : रेइंडर सुनावणीत काय म्हणाला, ती. थांबत थांबत पाच मिनिटं बोलला होता. त्याने कथेची लय बिघडत होती. मला आपली धास्ती, वाचक अडून बसतील, "अहो, त्याचं काय म्हणणं होतं ते तरी सांगा!"

"कुणी विचारत नाही हो," तेत्ये म्हणाल्या.

तुम्ही इथवर आलात. समिती आपली आभारी आहे.