गाडीने आणलं

माणूस दोन पायांवर उभा राहिला तो हात मोकळे करण्यासाठी, आणि हात मोकळे केले ते वर करण्यासाठी, असं माझं नम्र मत आहे. त्यानंतरची मानवजातीची सगळी प्रगती म्हणजे हात अधिकाधिक सफाईने वर करण्याची प्रगती होय. ‘वरून आदेश आहेत’, ‘सिस्टीम डाऊन आहे’, ‘फाइल पलीकडच्या टेबलावर गेलीये’ हे या वाटचालीतले मोठे टप्पे. मोटार चालवणाऱ्याला मात्र आजवर हे सुख नव्हतं. त्याला दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवावे लागत, त्यामुळे जे काही होई ते त्यानेच केलं असं लोक समजत. हा अन्याय नव्या हायब्रिड गाड्यांनी दूर केला. या गाड्यांत एक इंजिन पेट्रोलचं आणि एक विजेचं असतं, आणि बिघाड झाला की दोन्ही एकमेकांकडे बोट दाखवतात. (मोठ्या कुटुंबात वाढलेल्यांना हे तंत्रज्ञान नवीन वाटणार नाही.)

या गाड्यांचा यथोचित गौरव व्हावा म्हणून माझ्या मामांची हकिकत सांगतो.

मामांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. शिकाऊ माणूस स्टीअरिंगवर, मामा शेजारी, आणि मामांच्या पायाखाली एक जादा ब्रेक. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या चुका या ब्रेकवर तोलून धरल्या. स्कूल बंद केल्यावरही सवय गेली नाही. टीव्हीवर बातम्या देणारी मुलगी भरभर बोलू लागली की सोफ्यावर बसल्या बसल्या मामांचा पाय दाबला जायचा.

मामी ही त्यांची पहिली विद्यार्थिनी. ती पहिल्या फटक्यात पास झाली, मामांनी तिच्याशी लग्न केलं आणि त्यानंतर तिच्या हातात कधी स्टीअरिंग दिलं नाही. “मी असताना तू कशाला त्रास घेतेस?” असं ते म्हणत. (वाक्य प्रेमाचंच आहे. तेच तर त्याचं वाईट आहे.) मामी शेजारी बसून सांगायची, “अहो, कडेला जाताय. अहो, पुढचा थांबतोय. अहो, डोळे मिटतायत तुमचे, चहा घेऊ या का?” मामा म्हणायचे, “गाडी मी चालवतोय ना?”

मग मामांनी नवी हायब्रिड घेतली. शोरूममधल्या टाय लावलेल्या मुलाने समजावून सांगितलं, की गाडी रेघ सोडून कडेला जाऊ लागली तर ती टुंग करून सांगेल आणि स्वतःच सरळ होईल. पुढचा थांबला तर थांबेल. आणि चालकाला झोप येतेय असं वाटलं तर पडद्यावर चहाच्या कपाचं चित्र दाखवेल.

“वा!” मामा म्हणाले. “काय डोकं चालवलंय बघा.”

मामीने फक्त पर्स या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.

गाडी टुंग म्हणाली की मामा लगेच “हो हो, बरोबर आहे तुझं” म्हणून सावरून घेत. एकदा त्यांनी गाडीला ‘सॉरी’सुद्धा म्हटलं. आठवड्याभरात मामी मागच्या सीटवर जाऊन बसू लागली. पुढे दोन दोन माणसं कशाला, असं तिचं म्हणणं होतं.

आता साडूंची माहिती देणं भाग आहे. मामीची धाकटी बहीण, जिला मी मावशी म्हणतो, गावाबाहेरच्या वसाहतीत राहते. तिचे यजमान, म्हणजे मामांचे साडू, शाळेत भूगोल शिकवायचे. फार वर्षांपूर्वी मामा त्यांच्या अंगणात गाडी मागे घेत होते आणि साडू मागे उभे राहून “येऊ द्या, येऊ द्या” म्हणत होते. मामांनी येऊ दिली. गाडी पाण्याच्या टाकीवर गेली. मामा म्हणाले, तुम्हीच येऊ द्या म्हणालात. साडू म्हणाले, येऊ द्या म्हणालो, घुसवा नाही म्हणालो. टाकी तासाभरात दुरुस्त झाली, पण दोन घरांचं येणंजाणं बंद झालं ते झालंच. दोघी बहिणी फोनवर बोलत, तेही मामा अंघोळीला गेले की. मामा हल्ली लांब अंघोळ करत. (हेतू काय असावा ते मी सांगू शकत नाही. दाराला आतून कडी होती.)

तर पहिल्या सर्व्हिसिंगसाठी आम्ही निघालो. मामा पुढे, मामी आणि मी मागे. हमरस्त्याला लागताच मामांनी बटण दाबलं, हात मांडीवर ठेवले आणि आमच्याकडे वळून बघितलं. एखादं बाळ पहिल्यांदा आपलं आपण उभं राहिलं की असं बघतं.

“बघ रे, हात नाहीत!”

“रस्त्याकडे बघा,” मामी म्हणाली.

“ती बघतेय ना.”

ती, म्हणजे गाडी, खरोखरच बघत होती. आमच्या पुढे रस्त्यावर रेघा मारणारा ट्रक चालला होता. त्याच्या मागून ताजी, ओली, पांढरीशुभ्र रेघ निघत होती, आणि तशी रेघ आमच्या गाडीने जन्मात पाहिली नव्हती. गाडी त्या रेघेवर भाळली म्हणायला हरकत नाही. आमच्या मागे अशीच एक नवी गाडी लागली, तिच्या मागे आणखी दोन. पहिलीत दातांचे डॉक्टर होते, ते कुणाच्या तरी जबड्याचा एक्स-रे खिडकीला लावून बघत होते. एक विम्याचा एजंट होता, आणि एक नवरा-बायको होते, ज्यांचं भांडण इतकं रंगात आलं होतं की स्टीअरिंग धरायला हात उरले नव्हते.

ट्रकवाल्या रंगाऱ्याला भूक लागली. तो जेवायला घराकडे वळला आणि रंग बंद करायला विसरला.

पुढचं सगळं नियमानुसार घडलं. रेघ हमरस्ता सोडून पेट्रोल पंपामागून गेली, आम्हीही गेलो. रेघ दोन वाळत घातलेल्या चादरींमधून गेली, आम्हीही गेलो. त्यातली एक चादर काही काळ आमच्याबरोबर आली. रेघेने कोंबड्यांच्या खुराड्याला वळसा घातला, सगळ्या गाड्यांनी इंडिकेटर दाखवून शिस्तीत वळसा घातला. कुणी हॉर्न वाजवला नाही. इतकी शिस्तबद्ध वाहतूक मी आजवर पाहिलेली नाही.

“मामा, हा सर्व्हिसिंग सेंटरचा रस्ता वाटत नाही,” मी म्हणालो.

“तिला पुढचं कळतं. हमरस्ता तुंबला असणार.”

रेघ एका ऐसपैस अंगणात शिरली आणि रंगाऱ्याच्या उंबऱ्यापाशी संपली. रंगारी ट्रकमधून उतरला आणि जागीच थिजला. दारात त्याची बायको आमटीचा डाव घेऊन उभी राहिली.

“अहो, एवढी माणसं जेवायला आणलीत? सांगायचं तरी!”

“मी नाही आणली. मागे मागे आलीत.”

“कशाला?”

रंगाऱ्याने मामांच्या काचेवर टकटक केलं. “काय काम होतं, काका?”

“तसं काही नाही,” मामा म्हणाले. “आलो.”

डॉक्टर उतरले, त्यांनी अंगण न्याहाळलं आणि हा शॉर्टकट असावा असं निदान केलं. एजंटाच्या मते गाडीचा संबंध थेट उपग्रहाशी असल्यामुळे खाली उभ्या माणसाने त्यात बोलू नये. नवरा-बायकोंनी काच खाली करून “पार्किंगचे पैसे पडतात का?” एवढं विचारलं आणि पुन्हा भांडायला लागले. आपण चुकलो आहोत हे मात्र एकालाही वाटलं नाही. एवढ्या गाड्या एकदम चुकणं शक्य नव्हतं.

तेवढ्यात आमच्या गाडीने मधाळ आवाजात सांगितलं, “रेघ संपली आहे. कृपया ताबा घ्या.”

मामांनी मागे वळून आमच्याकडे बघितलं. ज्या माणसाने निम्म्या गावाला स्टीअरिंग धरायला शिकवलं, त्याच्या चेहऱ्यावर मी तेव्हा निखळ भीती पाहिली.

“कुणाशी बोलतेय ही?” त्यांनी विचारलं.

मामी खाली उतरली. पुढे येऊन तिने मामांचं दार उघडलं.

“उठा.”

“अगं, पण...”

“अहो, उठा.”

मामा शेजारच्या सीटवर गेले. मामीने चप्पल काढली, सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीचा केला आणि गाडीची सगळी मदत एकदम बंद करायचं जे एक बटण असतं ते दाबलं. पडदा काळा झाला. तिने एक हात सीटच्या पाठीवर टाकला, मान मागे वळवली आणि अंगणातल्या झाडाला अशी सुरेख फेरी मारून गाडी बाहेर काढली, की रंगाऱ्याच्या बायकोने डाव उंचावला. मामांचा पाय जादा ब्रेक शोधत होता. एका वळणानंतर तो शोधायचा थांबला.

रेघ संपली तर पुढची गाडी धरावी, असा या गाड्यांचा स्वभाव असतो. सगळ्या आमच्या मागे निघाल्या.

हमरस्त्यावर फाटा आला. एका बाजूला सर्व्हिसिंग सेंटर, दुसऱ्या बाजूला ती वसाहत. मामीने इंडिकेटर लावला. तो बराच वेळ वाजत राहिला.

“सर्व्हिसिंग सेंटर तिकडे आहे,” मामा हळूच म्हणाले.

“गाडी इकडे वळतेय.”

मामांनी काळ्या पडद्याकडे बघितलं. मग मामीच्या हातांकडे. स्टीअरिंग घट्ट धरल्याने तिची बोटं पांढरी पडली होती.

“वळतेय तर वळू दे,” मामा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत शर्टाचं वरचं बटण लावलं. “ओढाताण केली की मोटर खराब होते.”

साडू फाटकाशी पाइप धरून झाडांना पाणी घालत होते. आम्हाला बघून त्यांच्या हातातला पाइप वळला आणि बराच वेळ त्यांच्याच बुटांवर पाणी पडत राहिलं. मावशी धावत आली. मामी पट्टा सोडायला विसरली होती, त्यामुळे दोघी बहिणींची गळाभेट निम्मी गाडीत आणि निम्मी बाहेर झाली. दोघी हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या.

मामा उतरले. साडूंसमोर उभे राहिले.

“गाडीने आणलं,” मामा म्हणाले.

साडूंनी गाडीभोवती एक चक्कर मारली. “हो का. गाडीपुढे काय चालणार.”

“तुमच्याकडे आहे का अशी?”

“नाही.” साडूंनी पाइप खाली ठेवला. “पण घ्यायचा विचार होता. मलाही एका ठिकाणी यायचं होतं.”

मग दोघांनी चाकांकडे बघत खूप वेळ हवेच्या दाबावर चर्चा केली. रडण्याची पुरुषांत हीच पद्धत आहे.

फाटकाबाहेर उरलेल्या गाड्या ओळीने थांबल्या होत्या. मावशीने सगळ्यांना आत बोलावून चहा केला. डॉक्टरांनी साडूंची दाढ तपासली. एजंटाने टाकीचा विमा काढला. नवरा-बायको स्वयंपाकघरात मावशीला मध्ये घेऊन भांडले आणि जाताना तिच्या पाया पडले. आपण इथे का आलो, हे कुणीही विचारलं नाही. सगळ्यांचं मत एकच पडलं की गाडी उत्तम आहे.

कंपनीने नंतर समाधानाची पाहणी केली, तेव्हा मामांनी सगळ्या रकान्यांत ‘अत्युत्कृष्ट’ लिहिलं. ऑटोमॅटिक स्टीअरिंग सर्वांत समाधानकारक चालतं ते बंद असताना, हा निष्कर्ष कंपनीने अद्याप जाहीर केलेला नाही. मामी आता दर आठवड्याला बहिणीकडे जाते. मामा शेजारी बसतात, आणि उतरताना बॉनेटवर थोपटून गाडीला शाबासकी देतात. मामी ती शाबासकी मुकाट्याने स्वीकारते.

तुम्हाला ही मंडळी हास्यास्पद वाटली असतील. जरूर हसा. समोर आखलेली ओळ दिसली की माणूस तिच्यामागे कुणाच्याही अंगणात कसा शिरतो, याचं मलाही नवल वाटत असे. पण आता तुमचंच बघा. मी पहिली ओळ टाकली, तुम्ही धरलीत. ती संपली, पुढची धरलीत. मी खुराड्याला वळसा घातला, तुम्हीही घातलात. मी सांगितलं तिथे हसलात, मी सांगितलं तिथे थोडे हळवे झालात, आणि हा माणूस आपल्याला कुठे नेतोय, हे एकदाही विचारलं नाहीत. नाही म्हणायला, पान उलटायला तुमचा हात एव्हाना निघालाही असेल. तो नेमका कोण हलवतंय, ते तेवढं बघून ठेवा.