भामाक्काच्या कोंबड्यांचं पाणी

कोंबडी आज अंडं घालणार की नाही, हे आमच्या आळीत कोंबडीच्या आधी भामाक्काला कळायचं. सकाळी खुराड्याची फळी सरकवायची, एकेक कोंबडी काखेत धरायची, मागून चाचपायची आणि मगच सोडायची. "कवडी घालनार. लाल घालनार. तुरेवाली... आज न्हाई." संध्याकाळी हिशेबाला एखादं अंडं कमी पडलं की भामाक्का आळीत निघायची. कुणाच्या वैरणीत हात घाल, कुणाच्या चुलीमागं डोकाव, कुणाचं डालगं उलटं कर. अंडं सापडलं तर ठीक, नाहीतर त्या घराशी अबोला.

"आक्का, लोकांवर चोरीचा आळ घेता होय?" मी एकदा विचारलं.

"आळ कुठं घेतीया? मी बघती फकस्त."

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी कासुर्डीत राहायचो आणि जवळच्याच जनावरांच्या दवाखान्यात नोकरी करायचो. सरकारी कागदावर माझं पद 'व्रणोपचारक' असं होतं. एवढा लांब शब्द उच्चारायला कुणाला सवड नसल्यानं मी सगळ्यांचा कंपाउंडर. भामाक्का मात्र मला 'डाक्टरचा मानूस' म्हणायची, आणि डॉक्टरवर तिचा विश्वास नव्हता. तसा तो एसटीच्या कंडक्टरवर नव्हता, राकेलवाल्यावर नव्हता, पुण्यात खोलीत बसून आमच्या गावचं आभाळ सांगणाऱ्या रेडिओवाल्यावर तर मुळीच नव्हता. सोलापूर रोडवरचा मैलाचा दगड कुणीतरी सरकवलाय, अशीही तिची खात्री होती. नाहीतर यवत पहिल्यापेक्षा लांब का लागतंय? तिला काहीही समजावून सांगा, ती शेवटपर्यंत ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "आसंल. पर मला पटंना."

त्या वर्षी तिच्या कोंबड्या वाळायला लागल्या. आठवड्यात दोन मेल्या. दुसरी मेलेली कोंबडी पिशवीत घालून ती थेट दवाखान्यात आली आणि पिशवी माझ्या टेबलावर आदळली.

"कुनीतरी ईख घातलंय. फाड."

डॉक्टर फिरतीवर होते. मी कोंबडी ताटात घेऊन फाडली, आतडं उघडलं. शिजलेल्या शेवया भराव्यात तसे आत पांढरे जंत. मी म्हणालो, "विष नाही आक्का, हे बघा."

तिनं जंतांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "ह्ये तुज्या ताटात आधीपासनं व्हतं का?"

"तुमच्यासमोर फाडली की!"

"आसंल. पर मला पटंना."

दोन दिवसांनी कवडी मलूल झाली. तुरा पांढराफटक, पंख सोडून खुराड्याच्या कोपऱ्यात बसून. तेव्हा भामाक्का आपण होऊन माझ्या दारात आली, पण उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. मी औषधाची बाटली दिली. संध्याकाळपासून पाणी तोडायचं, सकाळी औषध कालवलेलं पाणी तेवढं ठेवायचं, असं दोनदा सांगितलं. तिनं बूच काढून वास घेतला.

"आधी तू पी."

जंताचं औषध मला लहानपणीही पाजलं होतं, त्यामुळं मी थेंबभर जिभेवर घेतलं. त्या संध्याकाळी तीन वेळा अंगणातून हाक आली, "बरा हाईस ना?" तिसऱ्या वेळी आमची मंडळी म्हणाली, "ही काळजी आहे की तपासणी?"

सकाळी तिनं कोंबड्यांपुढं पाण्याचं मडकं मांडलं. तहानलेल्या कोंबड्या धावल्या, एकेक घोट घेतला, चोची झटकल्या आणि सगळ्या शेजारच्या सरूच्या शेळ्यांच्या घमेल्यावर गेल्या. तिथून हापशाच्या डबक्यावर. दुपारपर्यंत मडकं भरलेलंच.

"तुजं औशिद कोंबड्यांनीबी वळाखलं," भामाक्का म्हणाली.

चूक माझी होती. शेडमधल्या कोंबडीला दुसरं पाणीच नसतं, म्हणून ती मुकाट पिते. भामाक्काच्या कोंबड्यांना अख्खी आळी मोकळी. म्हणजे एक सकाळ आळीतलं सगळं पाणी झाकायला हवं होतं, नऊ घरांतलं, शिवाय हापशाचं डबकं.

"तू सांग लोकास्नी," ती म्हणाली.

"कोंबड्या तुमच्या आक्का. तुम्हीच सांगायला पाहिजे."

"आन् न्हाई झाकलं तर?"

"तर कवडी जगायची नाही. मागोमाग बाकीच्याही."

ज्या घरांच्या चुलीमागं तिनं अंडी शोधली होती, त्याच घरांच्या दारात आता तिला विनवणी करायला जायचं होतं. पण गेली. त्या संध्याकाळी सांगायला गेली आणि सकाळी उजाडताच, झाकलंय का ते बघायलाही गेली.

मला वाटलं होतं, लोक आता उट्टं काढणार. सरूशी तर दिवाळीपासून अबोला होता. पण सरूनं घमेलं पालथं घातलं होतं, डबक्यात स्वतः माती ओढली होती, आणि भामाक्का दारात दिसताच ती म्हणाली, "आत येऊन बघा आक्का. न्हाईतर म्हनशीला घरात पानी लपिवलंय. बसा, च्या ठिवलाय."

"आधी तू घे," भामाक्का म्हणाली. सरू खो खो हसली, आधी एक घोट प्यायली, आणि मग दोघी प्यायल्या. नऊ घरं फिरून भामाक्का नऊ चहा पिऊन आली. तोवर तिच्या कोंबड्यांनी मडकं रिकामं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी विष्ठेत जंत पडले. मी सांगितल्याप्रमाणं तिनं सगळं झाडून जाळलं, पण आधी मला बोलावून काडीनं उलथून दाखवलं. चार दिवसांत कवडी दाणे टिपायला लागली.

आठव्या दिवशी भामाक्का पुन्हा दवाखान्यात. हातात कागदाची पुडी, पुडीत विष्ठा. "परत जंत झाल्यात."

मी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. काही नव्हतं. मी तसं सांगितलं.

"त्या काचंला काय कळतंय?"

आता संशय यायची पाळी माझी होती. सकाळीच कवडी माझ्या अंगणात उकिरडा उकरताना मी बघितली होती, चांगली टणटणीत. "आक्का, खरं काय ते सांगा."

तिनं पुडीची घडी घातली, मोडली, परत घातली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "औशिद द्यायचं म्हंजी परत समद्यांच्या घरात जावं लागंल, न्हवं?"

"हो."

"मालक गेल्यापासनं मला कुनी बस म्हनलं न्हवतं रं."

मला फार वाईट वाटलं. स्वतःची लाजही वाटली. आठ वर्षं मी तिच्या शेजारी राहत होतो. तिच्या झडत्यांचे किस्से दवाखान्यात रंगवून सांगायचो. ती कितीदा माझ्या दारात आली असेल, पण बस मीही कधी म्हणालो नव्हतो. मी स्टूल पुढं ओढलं. ती बसली.

"दुसरा डोस द्यावाच लागतो," मी म्हणालो, आणि ते खरंच होतं. "पण तीन आठवड्यांनी. म्हणजे अजून तेरा दिवस."

"मंग कागदावर लिहून दे. तोंडी सांगितल्यालं लोकास्नी पटत न्हाई."

मी दवाखान्याची चिठ्ठी घेतली. जनावर: कोंबड्या. उपचार: जंतनाशक, दुसरा डोस. त्याखाली लिहिलं, 'आळीतलं सगळं पाणी झाकावं. भामाक्काला घरात बसवून सावकाश दाखवावं.' तिला वाचता येत नव्हतं. तिनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, चिठ्ठी उजेडात धरली आणि डोळे बारीक करून विचारलं,

"ह्यात 'सावकाश' कुठं लिव्हलंय, त्ये दाव."

मी दाखवलं.