लॅपटॉपचं तोंड कुठे?

सर्वेशने लॅपटॉप घेतला तो एकाच गुणावर भाळून. तो कुठेही नेता येतो. बाकीचे गुण शोधावे लागले असते. स्क्रीन जेवणाच्या ताटाएवढी, वजन भाजीच्या पिशवीहून कमी, आणि किंमत अशी की दुकानदारानेच दोनदा विचारलं, "हाच हवाय ना? नक्की?" चालू केला की तो लगेच कामाला लागत नसे. आधी विचार करायचा. तेवढ्यात कुकर लावला तर भात होऊन वाफ जिरायची. म्हणून सर्वेश तो कधी बंदच करत नसे, नुसतं झाकण मिटून ठेवायचा. मग आतल्या आत काहीतरी धुमसत राहायचं आणि त्याची एक कड इस्त्रीसारखी तापायची.

नौपाड्यात आनंदाशेठच्या दुकानात सर्वेशने कित्येक वर्षं रेडियम कापलं होतं. म्हणजे गाड्यांच्या नंबरप्लेटी, काचेवरची देवांची नावं, मुलांची नावं. शाळा त्याने नववीतच सोडली. अभ्यासाचं एवढं नव्हतं, पण उत्तर येत असलं तरी ते उभं राहून द्यावं लागायचं, आणि तेच त्याला जमेना. रेडियमच्या धंद्यात अक्षरं बोलतात, आपण गप्प राहिलं तरी चालतं. हे त्याला फार मानवलं होतं.

पण आता त्याने नोकरी सोडली होती. लॅपटॉप सॅकमध्ये टाकायचा, रेडियम कापायचं छोटं मशीन रिक्षात घालायचं आणि जिथे गाडी असेल तिथे जाऊन काम करायचं. चालतं-फिरतं दुकान! आनंदाशेठनी लॅपटॉप हातात घेऊन खालून-वरून पाहिला होता आणि विचारलं होतं, "ह्याचा मोठा भाऊ कुठाय?" सर्वेशने त्यांना जोरदार उत्तर दिलं. (घरी आल्यावर, मोरीत, नळ सोडून.)

महिनाभर कोणी फिरकलं नाही. मग पहिली ऑर्डर मिळाली ती गुणाजीकाकांची. मानपाड्याच्या टेम्पो स्टँडवर त्यांचा शब्द खाली पडत नसे. दसऱ्याला ते नवा टेम्पो काढणार होते.

"काका, नाव काय टाकायचं? आधी सांगितलंत तर कापून ठेवतो," सर्वेशने फोनवर विचारलं होतं.

"गाडी दारात आल्यावर सांगीन. जन्माच्या आधी बारसा करतात काय रं?"

हेही बरोबरच होतं. एकूण सगळं बरोबर चाललं होतं, आणि दसऱ्याच्या सकाळी आईने हाक मारली.

शेवंतीबाईंची, म्हणजे सर्वेशच्या आईची, शस्त्रपूजा दरवर्षी साग्रसंगीत असे. पाटावर विळी, कोयती आणि सर्वेशच्या वडिलांचा पाना. वडील गेले तरी पान्याचा मान गेला नव्हता. सर्वेशच्या नावाने एक ब्लेडचा कटर आणि स्टीलची पट्टी असायची. शाळेतून आणल्यासारखी दिसायची ती.

"यंदा तुझं काय ठेवू रे?" आईने विचारलं.

सर्वेश ताठ झाला. "लॅपटॉप," तो म्हणाला.

आयुष्यात इतक्या ठामपणे त्याने एकच शब्द उच्चारला, आणि तोच नडला.

आईने लॅपटॉप पाटाच्या मधोमध ठेवला. झाकणावर कंपनीचं नाव होतं, त्यावर हळदकुंकू वाहिलं. झेंडूचा हार घातला, अक्षता टाकल्या. रेडियमचं मशीन पाटावर मावेना, म्हणून ते कोपऱ्यात होतं तिथेच त्याला कुंकू टेकवलं. सर्वेशने नमस्कार केला. त्याचे डोळे भरून आले. (थोडा धूपही होता.)

तेवढ्यात फोन वाजला.

"गाडी आली रं!" गुणाजीकाका ओरडत होते. मागे ढोल वाजत होता. "आयचा नाव टाकायचा. 'जनाबाईची पुण्याई'. ये लगेच! दिवेलागणीच्या आत पूजा करायचीय. सगला स्टँड जमलाय. काम आवडला तर दिवालीपर्यंत ह्या सगल्या गाड्यांचा काम तुला. नाय आवडला तर... बग बाबा."

सर्वेशने "आलो!" म्हणून फोन ठेवला आणि पाटाकडे हात नेला.

"हात!" आई ओरडली.

"काय झालं?"

"पूजेतलं हलवायचं नाही. उद्या उत्तरपूजा होईपर्यंत वापरायचंही नाही. दरवर्षी सांगते ना?"

सांगत होती. पण दरवर्षी पूजेत पट्टी असायची, आणि पट्टीवाचून सर्वेशचं कधी काही अडलं नव्हतं.

"आई, पहिली ऑर्डर आहे गं."

"म्हणून तर देवाला राग आणून चालणार नाही."

सर्वेश खाली बसला. कुठेही नेता येणारा लॅपटॉप, आणि पहिल्याच ऑर्डरच्या दिवशी तो वीतभरही हलवता येत नव्हता. त्याने बुद्धीला ताण दिला.

"आई, घंटा पण पूजेत असते. ती वाजवतोच ना आपण?"

आई थबकली. मुलगा कधी उलट बोलत नसे, त्यामुळे त्याचं म्हणणं खोडून काढायची तिला सवय नव्हती.

"मी कोण ठरवणार?" ती शेवटी म्हणाली. "कौल लावते."

आईचं माहेर कणकवलीकडचं. तिकडे देवाला दोन फुलं चिकटवून प्रश्न विचारतात. उजवं फूल पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. फ्रिज घेतला तोही कौल लावूनच. साक्षीला शेजारचे भिवाजीमामा आले. मामा कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून कोणत्याही गोष्टीला साक्षीला यायचे.

आईने झेंडूच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून लॅपटॉपच्या झाकणाच्या कडांवर चिकटवल्या, एक ह्या बाजूला, एक त्या बाजूला. मग पदर सावरून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, पोराचं पोटपाणी आज तुझ्यापुढे बसलंय. त्याला हात लावायला तुझी हरकत नसेल तर उजवं दे, असेल तर डावं दे!"

"होय महाराजा!" मामा गरजले.

"होय महाराजा," सर्वेश पुटपुटला. डावी कड तापते हे त्याला ठाऊक होतं. त्याला वाटलं, देवाला सांगून पाहावं, की बाबा, तो दोष कंपनीचा आहे, तो धरू नकोस.

डावीकडची पाकळी सुकली, कडेने वळली आणि टपकन पडली.

"डावं," आई म्हणाली. तिचाही चेहरा उतरला.

"थांबा, वहिनी!" मामांनी हात वर केला. "कौल देवाच्या उजव्या-डाव्याने बघतात. देव आपल्याकडे तोंड करून बसतो. आपलं डावं ते देवाचं उजवं."

"ते देवाचं. ह्याचं तोंड कुठे?"

तिघांनीही लॅपटॉपकडे पाहिलं.

"तोंड आतमध्ये आहे," सर्वेश हळूच म्हणाला. "स्क्रीन असते ती."

"आणि मी कुंकू लावलं ते काय पाठीला लावलं?" आई म्हणाली. "कंपनीचं नाव आहे तेच कपाळ. म्हणजे हा उताणा निजलाय."

"पालथा, वहिनी, पालथा! डोकं आपल्याकडे, पाय देवाकडे."

"देवाकडे पाय? माझ्या पूजेत?"

"पाय म्हणजे बिजागरी हो! थांबा, दाखवतो." आणि भिवाजीमामा, वय बहात्तर, पाटासमोर सरळ पालथे झोपले. डोकं आईकडे, पाय देव्हाऱ्याच्या दिशेने, पण जरा तिरके, दोष नको म्हणून. "आता," ते फरशीला तोंड लावून बोलले, "माझा उजवा हात कुठे आला? बघा!"

मामांची सून विनिता नेमकी तेव्हाच वाटीभर साखर मागायला आली. तिच्या हातातली वाटी पडली. "अगं बाई! मामंजी गेले?"

"नाही गं," आई म्हणाली, "ते लॅपटॉप झालेत. तू त्यांचा उजवा हात बघ कुठल्या बाजूला येतो."

विनिताने बोट दाखवलं. डावीकडे. पडलेल्या पाकळीच्या बाजूला.

होकार मिळाला! सर्वेशने मामांना उठवलं. (कौल लावायला लागला त्याहून जास्त वेळ ह्याला लागला.) पण आईच्या अटी होत्या. लॅपटॉप पाटावरून हलता कामा नये. झाकणावरचं फूल पडता कामा नये. आणि हात लावायचा तो पुन्हा आंघोळ करून, सोवळ्यात.

सर्वेशने मानपाड्याला फोन लावला.

"काका, जरा... तुम्हीच इकडे शहाडला याल का?"

"लॅपटॉप बिगरला काय?"

"नाही. चांगला आहे. पण हलवता येत नाही."

"तूच बोललेलास ना, कुठंपन नेता येतो?"

"हो. तो कुठेही नेता येतो. फक्त आज नाही."

पलीकडे ढोल थांबला. मग गुणाजीकाका म्हणाले, "येतो. पन आता तुझा काम काय कमी चांगला झाला ना, तर बग."

कोरा टेम्पो पत्रीपुलाची गर्दी ओलांडून शहाडच्या चाळीपाशी आला तेव्हा गुणाजीकाकांचं डोकं तापलं होतं. मागे हौद्यात स्टँडवरचे दोन ड्रायव्हर उभे होते. टेम्पो बोळात शिरला आणि दारापुढच्या रांगोळीशी थांबला. काका तावातावाने दारात आले, "कुठाय रं तो..." म्हणाले आणि तिथेच थिजले. त्यांनी चपला काढल्या. ड्रायव्हरांनीही काढल्या.

आतला देखावा असा होता. झाकण उघडलं की फुलं घसरणार, म्हणून आई लॅपटॉपच्या मागे, देव्हाऱ्याला टेकून बसली होती. उजवा हात झाकणावर, फुलं धरून. धुराने डोळे मिटलेले. समोर वडिलांचा सोवळ्याचा जांभळा कद नेसलेला सर्वेश, उघडा, ओला. कद त्याला दीडपट व्हायचा, म्हणून एका हाताने गाठ धरून तो दुसऱ्या हाताच्या एका बोटाने टाइप करत होता. वायर आखूड पडते म्हणून मशीन शेजारी ओढलं होतं. त्याच्याही कपाळाला कुंकू.

गुणाजीकाकांनी हात जोडले. "माउली," ते आईला म्हणाले.

"बसा हो भाऊ," आई डोळे मिटूनच म्हणाली.

मशीनने खर्र खर्र करत 'जनाबाई' कापलं आणि मध्येच ते थांबलं. स्क्रीन गोठली. लॅपटॉप विचारात पडला होता. सर्वेशला हे नवीन नव्हतं. थोडं थांबलं की तो आपोआप चालतो. पण हे काकांना सांगायचं म्हणजे सगळ्यांसमोर बोलायचं. तो तोंड उघडणार, तेवढ्यात आईने झाकणावर दोन थापट्या मारल्या. "चल रे बाळा, भाऊ खोळंबलेत. घाबरू नको, तुला कोणी मारत नाही."

(सर्वेशला शाळेत सोडताना ती हेच म्हणायची. तेव्हा उपयोग झाला नव्हता.)

खर्र खर्र. 'ची पुण्याई' बाहेर आलं.

एक ड्रायव्हर पटकन पाया पडला. गुणाजीकाकांनी डोळे पुसले. "माउली, नावाखाली पट्टी कोणती लावू? पिवली का लाल?" आईने सवयीप्रमाणे दोन पाकळ्या भिजवल्या. पिवळी आली.

काचेवर नाव चिकटवायला दोन्ही हात लागतात आणि सर्वेशचा एक हात कदाला अडकलेला. त्यामुळे चिकटवलं ड्रायव्हरांनीच. सर्वेश बोळात उभा राहून "फुगा राहील, साबणाचं पाणी मारा," असं इतक्या हळू सांगत होता की ते फक्त त्यालाच ऐकू आलं. आई मात्र दारातून खणखणीत बोलत होती, "थोडं डावीकडे घ्या. आपल्या नव्हे, गाडीच्या!"

नाव अगदी सुरेख बसलं. नारळ फुटला, सोनं लुटलं, पेढे वाटले. गुणाजीकाका बराच वेळ आपल्या आईच्या नावाकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "उद्यापासून सगल्या गाड्या तुमच्याकडं." त्या रात्री सर्वेशला हसू आवरेना. धंदा लागला होता!

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली. लॅपटॉप मोकळा झाला. सर्वेशने तो सॅकमध्ये टाकला, मशीन रिक्षात घातलं, इस्त्रीचा शर्ट-पँट घातला आणि मानपाड्याला स्टँडवर पोहोचला. टेम्पोंची रांग लागली होती. ड्रायव्हर त्याच्याभोवती जमले, त्याच्या मागे पाहू लागले, मग रिक्षात डोकावले.

"आई कुठायत?" एकाने विचारलं.

"घरी. का?"

"मंग रेडियम कोण काढनार?"

"मी," सर्वेश म्हणाला. सगळे हसले. चांगल्या मनाने हसले, पोरगा विनोद करतोय म्हणून.

गुणाजीकाकांनी त्याला बाजूला घेतलं आणि खांद्यावर हात ठेवला. "हा डबा घेऊन आलास ते बरा केलास, पन पोरांना माउलीच्याच हातचा पायजे. आमी सगले रविवारी शहाडला येतो, त्यांना सांगून ठेव." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आनि राग मानू नको, पोरा. घरात येवढी कर्तबगार बाई हाय. तिच्याकडनं तू पन काय शिकून घे. आयच्या जिवावर नुसता कद धरून किती दिवस उभा रहानार?"

सर्वेशकडे उत्तर होतं. चांगलं लांबलचक, मुद्देसूद उत्तर होतं. पण चार पावलांवर अख्खा स्टँड इकडेच बघत उभा होता.

"शिकतो," तो म्हणाला.