नाना दारावर बसतात

आमच्या शेजारचे नाना आयुष्यात एकाच ठिकाणी गप्प बसू शकतात. ज्या घरातलं माणूस गेलंय, त्या घराच्या दारावर. एरवी ते झोपेतसुद्धा बोलतात, आणि तेही मोठ्यानं. हे मला कुणी सांगितलेलं नाही. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे.

यात त्यांचा दोष नाही. भडगावच्या एसटी स्टँडवर त्यांनी तेहतीस वर्षं माईकसमोर काढली. निवृत्तीच्या दिवशी महामंडळानं माईक ठेवून घेतला, आवाज तेवढा नानांबरोबर घरी आला. सकाळी आमच्या गल्लीला जाग यायची ती याच आवाजानं. ‘इकडे लक्ष द्या. नाना व्हाया मोरी देवघराकडे रवाना होत आहेत.’ अक्का भाजीत मीठ विसरल्या, तर ‘मिठाची गाडी आज रद्द करण्यात आली आहे’. अक्का नुसत्या हसायच्या. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, पण त्यांचं एक अख्खं वाक्य ऐकल्याचं मला आठवत नाही. बिचारीला फलाटच मिळत नाही.

आमच्या खानदेशात कुणी गेलं की सांत्वनाला दारावर जातात. नानांचं त्याबाबतीत कडक शास्त्र आहे. दारावर बोलायचं नाही, नुसतं बसायचं. निघताना ‘येतो’ म्हणायचं नाही. उठायचं आणि चालू पडायचं. तिसरा नियम मला उशिरा कळला. एका घरून परत येताना मी सहज म्हणालो, बरीच माणसं होती, साठ-सत्तर तरी असतील. नाना रस्त्यातच थांबले.

“दारवरना माणसं मोजतस का रे दिलप्या? ती काय एष्टी शे?”

असे हे नाना दीड वर्षापूर्वी धर्मप्रचाराला कॅनडात गेले.

त्याचं असं झालं. ज्या सत्संग मंडळात नाना-अक्का जातात, त्याचं मुख्य कार्यालय धुळ्याला आहे. कॅनडातल्या एका भक्तानं तिथल्या लहानशा गावातलं आपलं घर मंडळाला दिलं. आता तिथे राहून सत्संग चालवायला एखादं निवृत्त जोडपं हवं होतं. नाना न थांबता तीन तास बोलू शकतात, या एकाच गुणावर त्यांची निवड झाली. ज्या गावात त्यांचं एक वाक्यही कुणाला कळणार नव्हतं, त्या गावासाठी.

निरोपाला मळ्यात भरीत-भाकरीचा बेत झाला. वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजली जात असताना नाना बांधावर चढले आणि त्यांनी जाहीर केलं, “ही गाडी वर्ष भरल्याशिवाय डेपोत परत येणार नाही.” मी खालून ओरडलो की होळीपर्यंत येता, पैज लावतो. सगळे हसले. नाना हसले नाहीत. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तिथला त्यांचा आठवडा आम्हाला पाठ झाला होता. कारण दर रविवारी संध्याकाळी, म्हणजे त्यांच्या सकाळी, फोनवर त्यांचा चेहरा उगवायचा. मी फोन तांब्याला टेकवून ओट्यावर ठेवायचो आणि गल्ली समोर बसायची. सोमवारी धुळ्याचा अहवाल. नानांनी लिहायचा, अक्कांनी फोनवर फोटो काढून पाठवायचा. मंगळवारी भजनाची तालीम. नाना गायक, अक्का टाळ. बुधवारी धुणं. ते बाहेर वाळत घातलं की गारठून ज्वारीच्या बिबड्यासारखं, पापडासारखं कडक व्हायचं. गुरुवारी पत्रकं वाटायची, शुक्रवारी तीच पत्रकं लोकांच्या कचऱ्याच्या डब्यात बघायची. शनिवारी प्रसादाचा शिरा. रविवारी सत्संग, नाना प्रवचनकार, अक्का श्रोते. तो शिरा मग दोघं बुधवारपर्यंत खात.

अहवालात एक रकाना होता, ‘उपस्थिती’. नाना त्यात दर सोमवारी इमानानं लिहायचे, ‘दोन’.

चार महिन्यांनी धुळ्याहून सचिवांचा निरोप गेला. होळीपर्यंत निदान दहा माणसं जमली नाहीत, तर परत या. बातमी गल्लीत पसरली. पैज जिंकायची वेळ आली होती आणि मला ती जिंकावीशी वाटेना.

पण नाना तोवर वेगळ्याच कामाला लागले होते.

शेजारच्या मार्गारेटबाईंचा नवरा वारला. नाना-अक्का गेले, त्यांच्या पायरीवर बर्फ झाडून बसले, खाली मान घालून. बाईंनी दार उघडून काय हवंय विचारलं. नानांनी हात जोडले आणि पुन्हा मान खाली. समोरच्या घरातल्या कुणीतरी पोलिसाला बोलावलं. तो आला, त्यानं चौकशी केली. नानांनी आपलं सगळं इंग्रजी एकवटून सांगितलं, “मॅडम सॅड. वुई सिट.”

पोलिसाला यावर कुठलं कलम लावावं कळेना. तो तिथेच उभा राहिला. थोड्या वेळानं त्यानं टोपी काढली. पाव तासानं नाना उठले, ‘येतो’ न म्हणता चालू पडले, आणि रविवारी आम्हाला सांगते झाले की पोलीससुद्धा दारावर येऊन गेला, माणूस चांगल्या घरचा दिसतो.

मग त्यांना नादच लागला. गावात फुकट वाटल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रात म्हाताऱ्या माणसाचा फोटो आणि भोवती फुलं दिसली की दोघं मफलर गुंडाळून निघत. मजकूर वाचायच्या भानगडीत नाना पडत नसत. फोटो म्हटल्यावर आणखी काय वाचायचं? एकदा असेच एका दारावर जाऊन बसले. दार उघडलं ते फोटोतल्याच म्हाताऱ्यानं. मागोमाग फोटोतली म्हातारी आली, हातात केकची बशी घेऊन. त्यांच्या लग्नाची पन्नाशी होती. नाना म्हणतात, आधी भूतच वाटलं, पण केक चांगला होता.

माघात शिंदखेड्याची जिजी गेली. जिजी म्हणजे नानांची थोरली बहीण. नव्वदीची होती, झोपेतच गेली. पण आईमागे नानांना कडेवर घेऊन वाढवलं ते तिनं. नानांना निघायचं होतं; वादळानं तिकडचे रस्ते बंद. मी त्यांच्या वतीनं शिंदखेड्याला जाऊन दारावर बसलो. दहा मिनिटं का होईना, तोंड बंद ठेवलं.

रविवारी आम्ही फोन लावला. उचलला अक्कांनी. त्यांनी तो फळीवर ठेवला, आणि आम्हाला खोली दिसली. नाना भिंतीला टेकून खाली बसले होते. समोर जमिनीवर, गुडघे कसेबसे मुडपून, मार्गारेटबाई. त्यांच्या शेजारी तो पोलीस, टोपी मांडीवर. पन्नाशीवाले नवरा-बायको. आणखी कितीतरी. मार्गारेटबाईंना अक्कांनी कुंपणावरून खुणेनं सांगितलं होतं म्हणे, बाकीच्यांना त्यांनी कळवलं. कुणी बोलत नव्हतं. नाना मफलरमध्ये तोंड घालून लहान पोरासारखे रडत होते, आणि त्यांना गप्प करायलाही कुणी बोललं नाही.

इकडे आमची गल्लीसुद्धा माना घालून बसली. पाव तासानं एकेक माणूस उठलं आणि काही न बोलता बाहेर पडलं. त्यांना हे कुणी शिकवलं होतं? पायरीवर बसलेल्या नानांकडे बघूनच ते शिकले असतील.

खोली रिकामी झाल्यावर मला राहवेना. म्हणालो, नाना, दहाच्या वर भरली माणसं, आणि तीही रविवारी. उद्या अहवालात लिहा, निकाल लागला.

नानांनी मफलरनं डोळे पुसले. मग एवढंच म्हणाले, “ती जिजीसाठी आली होती रे.”

सोमवारी त्यांनी रकान्यात लिहिलं, ‘दोन’.

दुसऱ्या दिवशी मला धुळ्याहून सचिवांचा फोन आला. हे काय प्रकरण आहे, म्हणाले, आणि त्यांनी अहवालाचा फोटो पाठवला. नानांच्या ठसठशीत ‘दोन’खाली पेन्सिलनं, बारीक अक्षरात दोन ओळी होत्या. हस्ताक्षर अक्कांचं.

‘दाराबाहेर बूट सोळा जोड. नाना माणसं मोजत नाहीत, म्हणून मी बूट मोजले.’

मी सचिवांना सगळी हकिगत सांगितली. ते एरवी माणूस खडूस. पण फोन ठेवताना ‘येतो’, ‘ठेवतो’ काहीच म्हणाले नाहीत.

पुढच्या रविवारी नानांचा चेहरा उगवला तो आवाजासकट. “इकडे लक्ष द्या! भडगावला परतणारी गाडी पुढील सूचनेपर्यंत रद्द करण्यात आली आहे!” मग पुढे अर्धा तास, आपल्या प्रवचनाचा प्रभाव शेवटी धुळ्यापर्यंत कसा पोचला, याचं सविस्तर निवेदन. मी बुटांचं सांगायला तोंड उघडलं, तर नानांच्या मागे अक्का उभ्या होत्या, हातात शिऱ्याची कढई. आता ती बरीच मोठी होती.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

मी पैज हरलो, नाना.