नंदाताईंच्या बोटांबाबतची उपसमिती

वेदना ज्याची त्याची असते, हा समज सुशिक्षित समाजात केव्हाच मागे पडला आहे. वेदना समाजाची असते. ज्याला दुखतं, त्याच्याकडे ती फक्त सांभाळायला दिलेली असते. तिच्यावर काय उपाय करायचा हे ठरवण्याचा अधिकार साहजिकच इतरांकडे येतो, कारण त्यांचं डोकं शांत असतं. याच तत्त्वावर लंडनमधल्या पिनरच्या आमच्या मराठी मंडळाची आरोग्य उपसमिती उभी आहे. (उभी म्हणजे बसलेली. गुडघ्यांमुळे आमच्यापैकी कुणालाच फार वेळ उभं राहवत नाही.)

उपसमितीत फक्त निवृत्त डॉक्टर आहेत. निवृत्त म्हणजे पगारापुरते. बारसं असो की साखरपुडा, शेजारच्याचं ब्लडप्रेशर विचारल्याशिवाय आमच्यातला कुणी पहिला घास घेत नाही. अध्यक्ष डॉ. शशी सबनीस, हाडांचे सर्जन. अर्ध्या हॅरोचे गुडघे त्याने बदलले आहेत. ईलिंगहून येतात त्या डॉ. मृणाल, भूलतज्ज्ञ; तो गुण त्यांच्या भाषणांतही उतरला आहे. इल्फर्डहून येतात ते डॉ. इंद्रजित, मानसोपचारतज्ज्ञ. आणि कार्यवाह मी, दंतवैद्य. (दातांचा डॉक्टर हा डॉक्टर असतो का, यावर मंडळात अजून एकमत नाही. तोवर बैठकांची मिनिट्स, म्हणजे इतिवृत्त, मी लिहितो.)

उपसमितीपुढे आलेला विषय म्हणजे शशीच्या पत्नी नंदाताई यांची बोटं. त्यांना संधिवात आहे. सकाळी मुठी मिटत नाहीत, रात्री दुखण्याने झोप लागत नाही. गुडघा असता तर शशीने कधीच बदलून टाकला असता, पण बोटांत त्याला पहिल्यापासून रस नाही.

नंदाताईंना मात्र त्या बोटांची गरज होती. त्यांच्याकडे एक अलॉटमेंट होती, म्हणजे कौन्सिलचा भाज्या लावायला भाड्याने मिळालेला जमिनीचा तुकडा. असा तुकडा मिळायला माणूस यादीत वर्षानुवर्षं थांबतो. नंदाताई थांबल्या, आणि मग त्या तुकड्यावर त्यांनी मेथी, शेपू आणि मुळा असा काही काढला की मंडळाच्या प्रत्येक पंगतीला भाजी तिथूनच यायची. या वसंतात खुरपं धरवेना, तेव्हा तण माजलं. तिथल्या सेक्रेटरीबाईंनी बजावलं, ‘मे अखेरपर्यंत साफ करा, नाहीतर नियमाप्रमाणे तुकडा पुढच्या माणसाला जाईल.’ बाई प्रेमळ होत्या. नियमही त्यांनी फार प्रेमाने सांगितला.

मग नंदाताईंनी एक विचित्र गोष्ट केली. कुणालाही न विचारता त्या एका तज्ज्ञाकडे गेल्या. त्याने गांजापासून केलेलं तेल रीतसर लिहून दिलं.

कायद्याचं सांगायचं तर, २०१८ पासून या देशात तज्ज्ञ डॉक्टरला असं औषध देता येतं. एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी दवाखान्यात, सांधेदुखीवर ते सहसा मिळत नाही, कारण पुरावा अपुरा आहे. खाजगी क्लिनिकमध्ये मिळतं. पुरावा तिथेही अपुराच आहे, पण खुर्च्या मऊ आहेत.

बातमी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फुटली आणि ‘गांजा’ या एका शब्दाने पिनरपासून इल्फर्डपर्यंतच्या मराठी घरांतली माणसं सोफ्यावर सरळ बसली. उपसमितीची तातडीची बैठक बोलावली गेली. आमच्याकडे प्रथा अशी, की ज्याचा विषय त्याच्या घरी बैठक. म्हणजे त्याला न्याय मिळाल्यासारखं वाटतं. सबनीसांच्या दिवाणखान्यात आम्ही जमलो. नंदाताईंनी बटाटेवडे केले होते. दुखऱ्या बोटांनी वडे थोडे चपटे झाले होते, याची नोंद मृणालताईंनी घेतली.

चर्चा अतिशय उंचीवर गेली. मृणालताई म्हणाल्या, “एव्हिडन्स कुठाय? रँडमाइज्ड ट्रायल दाखवा मला, मग बोलू.” शशी म्हणाला, “लोक काय म्हणतील? ऑर्थोपेडिक सर्जनची बायको आणि गांजा! माझ्या रेप्युटेशनचं काय?” मी आयुर्वेदाचा मुद्दा मांडला आणि तो दंतवैद्याने मांडल्यामुळे सोडून देण्यात आला. इंद्रजित म्हणाले, “हे बघा, पंचशीलात नशेला मनाई आहे, औषधाला नाही. माझा आक्षेप नाही. पण आधी नंदाताईंना विचारू या ना, त्यांना कसं वाटतंय?”

प्रश्न अभूतपूर्व होता. मी अजेंडा तपासला. पेशंटचं मत हा विषय त्यात नव्हता. आयत्या वेळचा विषय घ्यायला अध्यक्षांची परवानगी लागते, आणि अध्यक्ष तेव्हा चटणी मागत होते.

“फुंकायचं नसतं हो ते,” चटणी आणताना नंदाताईच म्हणाल्या. “जिभेखाली थेंब ठेवायचे. दोन रात्री झोप लागली मला.”

“एका पेशंटच्या अनुभवाला अॅनेक्डोट म्हणतात, पुरावा नाही, नंदा,” मृणालताई समजुतीने म्हणाल्या.

तेव्हा पुरावा नाही ही जर अडचण असेल तर पुरावा आपणच निर्माण करावा, असं एकमताने ठरलं. ब्रिटिश वैद्यकशास्त्र इतकी वर्षं जिथे अडलं होतं, तिथून पिनर पुढे निघालं. ट्रायल म्हटली की दोन गट हवेत, एक औषध घेणारा आणि एक नुसतंच तेल घेणारा. औषध-गटासाठी स्वयंसेवक मागितले आणि शशी, मृणालताई, मी असे तिघांचे हात एकदम वर झाले. इंद्रजितांनी थोडा विचार केला, गुडघा चोळला आणि हात वर केला. इतका सेवाभाव मी उभ्या करिअरमध्ये पाहिला नाही.

दुसऱ्याच्या नावाचं असं औषध घेणं या देशात गुन्हा आहे. म्हणून मिनिट्समध्ये ‘घेतलं’ असं न लिहिता मी ‘सहभाग नोंदवला’ असं लिहिलं.

आता नियंत्रण-गटात, म्हणजे नुसत्या तेलाच्या गटात, कुणाला घ्यायचं? खोलीत औषध-गटात नसलेली एकच व्यक्ती होती, आणि ती कप उचलत होती. नंदाताईंच्या बाटलीतलं तेल आम्ही संशोधनासाठी ताब्यात घेतलं आणि त्यांना तशाच दिसणाऱ्या बाटलीत तिळाचं तेल दिलं. शास्त्रीय शिस्तीसाठी त्यांना यातलं काही सांगायचं नव्हतं. आमच्यासारखे काटेकोर लोक आता दुर्मिळ झाले आहेत.

पुढच्या बैठका फार छान झाल्या. मृणालताई जिना कठडा न धरता उतरल्या. शशी बागेत मांडी घालून बसला आणि आपला आपण उठला. इंद्रजित एरवी घड्याळ बघणारे, ते पर्ल जाम या बँडवर तासभर बोलले आणि आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं. मला तर दंतवैद्यकाबद्दल प्रथमच आदर वाटू लागला. वडे फार लागायचे. नियंत्रण-गट ते तळत असे.

बाटली संपली तेव्हा आम्ही निष्कर्ष काढले. पहिला निष्कर्ष: औषध अत्यंत गुणकारी आहे, औषध-गटात शंभर टक्के सुधारणा. दुसरा निष्कर्ष: ज्या पेशंटला ते लिहून दिलं होतं, तिच्यात मात्र काडीची सुधारणा नाही, उलट सूज वाढली. सबब हे औषध नंदाताईंना लागू पडत नाही, आणि त्यांनी ते घेऊ नये. तर्कात कुठेही फट नव्हती. शशीने वाचून दाखवल्यावर आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यांच्यासाठी शिफारस म्हणून मृणालताईंनी जोडलं, “मन रमव कशात तरी. बागकाम कर.”

नंदाताईंनी ट्रे टेबलावर ठेवला. “बाग गेली,” त्या म्हणाल्या. “सोमवारी गेले होते तिकडे. गेटचं कुलूपच उघडेना मला. पलीकडून एक जोडपं आलं, त्यांनी उघडून दिलं. मग म्हणाले, हा प्लॉट आता आम्हाला मिळालाय. चांगली मुलं आहेत. लॅव्हेंडर लावणार आहेत.”

मला लाज वाटली, आणि फार वाईट वाटलं. हे मिनिट्समध्ये नाही, कारण भावना नोंदवायला आमच्याकडे रकाना नाही.

एवढ्यात त्यांचा मुलगा क्षितिज आत आला. तो इथेच जन्मला, वाढला, आणि त्यामुळे त्याला मराठी कमी आणि हिशेब स्पष्ट कळतो. त्याने रिकामी बाटली उचलली, लेबलावरचं नाव वाचलं, मग आमच्याकडे पाहिलं.

“बाबा, धिस इज हर प्रिस्क्रिप्शन. तुम्ही लोक आईची औषध पिऊन टाकला? ऑल ऑफ यू?”

“सहभाग नोंदवला,” मी म्हणालो.

“मग मला काय दिलं होतं?” नंदाताईंनी विचारलं.

“तीळ,” शशी म्हणाला. सर्जन मंडळी थोडक्यात सांगतात.

नंदाताई काही वेळ हसल्या. ते हसणं मला अजून नीट वाचता आलेलं नाही. मग त्यांनी पर्स घेतली आणि क्षितिजबरोबर गाडीत बसून निघून गेल्या. कप तसेच राहिले. ते धुवायचे कुणी, यावर पोटसमिती नेमावी लागली.

आता त्यांना नवी बाटली मिळाली आहे. ती त्यांच्या पर्समध्ये असते आणि पर्स त्यांच्या खांद्यावर. जादू काही झालेली नाही, असं त्या सांगतात. पण झोप लागते आणि कार्डिगनची बटणं त्यांची त्यांना लावता येतात. अलॉटमेंटच्या यादीत त्यांनी पुन्हा नाव घातलंय, अगदी तळाला. वय एकाहत्तर. “बघू,” म्हणतात.

संशोधन मात्र थांबता कामा नये, आणि आमच्या नियंत्रण-गटातली जागा सध्या रिकामी आहे. पात्रता फार नाही. सांधे दुखत असावेत, त्याबद्दल तोंडातून शब्द निघू नये आणि दुखत असूनही हात चालू राहावेत. अशी एक व्यक्ती जवळजवळ प्रत्येक मराठी घरात असते, तेव्हा वाचकांनी उगाच बाहेर शोधत बसू नये. हे वाचताना तुमच्या शेजारी ज्यांनी आत्ता चहा आणून ठेवला, त्यांचं नाव आम्हाला कळवा. त्यांना विचारायची गरज नाही. इतक्या वर्षांत तुम्ही तरी कुठे विचारलंय?